मेजावर बसायचे नाही

गुरुवारी रफूबाईंचे दुकान बंद असे, आणि गुरुवारी दुपारी त्या लेकीकडे जात. जाताना पिशवीत स्वतःची पाण्याची बाटली असे. लेकीच्या घरी नळ होता, फिल्टर होता, फ्रिजच्या दारात गार बाटल्यांची रांग होती. पण तहान लागली की रफूबाई सोफ्यावरून उठत, चपला घालत, दार लोटून जिन्यात जात आणि कठड्याला टेकून आपल्याच बाटलीतले दोन घोट पिऊन परत आत येत. समोरच्या बिऱ्हाडाने सुरुवातीला दार किलकिले करून पाहिले. मग त्यांनाही सवय झाली.

लेकीच्या घरचे त्यांनी कधी काही घशाखाली उतरवले नव्हते. चहा नाही, बिस्कीट नाही, साधी सफरचंदाची फोड नाही. टेबलाशी तर त्या बसतच नसत. लेक, जावई आणि नात जेवायला बसली की रफूबाई नातीच्या गणवेशाची उसवलेली शिवण घेऊन सोफ्यावर बसत आणि पाठ त्यांच्याकडे करत. जेवणाचा वास काही पाठीला अडत नाही. पोटात कावळे ओरडत, पण सुई चालू राही. यात भक्ती किती आणि हट्ट किती, हे ठरवायला देव बसला आहे म्हणायचे आणि सोडून द्यायचे, तर तेही जमत नाही. कारण देवाचे नाव सांगूनच तर हे सगळे चालले होते.

नवरा गेला तेव्हा लेक शाळेत जायच्या वयाची होती. रफूबाईंनी चष्म्याच्या दुकानाशेजारचा, जेमतेम एक माणूस मावेल एवढा गाळा घेतला आणि रफूचे काम सुरू केले. सिगारेटने कोटाला पडलेले भोक, खिळ्याला अडकून फाटलेली बाही, कसर लागलेली शाल. त्याच कापडाच्या आतल्या दुमडीतून धागे ओढून काढायचे आणि उभ्याआडव्या विणीत असे बसवायचे, की गिऱ्हाइकाने कापड उजेडात धरून विचारावे, बाई, फाटले होते ते नेमके कुठे. डोळ्यांची वाट लागली, मान आखडली, पण लेक शिकली आणि औषधांच्या दुकानात नोकरीला लागली. तिच्या लग्नाचा झगा रफूबाईंनी मनातल्या मनात कितीदा बेतला होता. बाह्या लांब ठेवायच्या की कोपरापर्यंत, एवढाच प्रश्न उरला होता.

लेकीने तो प्रश्नच ठेवला नाही. तिने लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका माणसाशी कचेरीत जाऊन सह्या करून लग्न लावून घेतले. माणूस सरळ होता, कष्टाळू होता, आणि त्यांच्याच चर्चमधला होता. पण त्याचे आधी एक लग्न झालेले होते. ती बायको दुसऱ्या कुणाबरोबर निघून गेली होती आणि कोर्टाने घटस्फोट दिला होता. कोर्टाने दिला, चर्चने दिला नव्हता. पहिली बायको जिवंत असताना दुसरी केली तर तो व्यभिचार, आणि जी करून घेते तीही त्यात सामील, असा तेव्हाचा नियम होता. त्या नियमाला कुठून बोट शिरायला जागा नव्हती.

आणि हे सगळे रफूबाईंना कळले ते चष्मेवाल्याकडून. तो सकाळी दुकानात डोकावला आणि म्हणाला, "बाई, अभिनंदन हं. आम्हाला बोलावलं नाहीत, पण असू दे." रफूबाईंच्या हातात कुणाची तरी बाही होती. त्यांनी ती तशीच धरून ठेवली आणि म्हणाल्या, "घाईत झालं सगळं."

घाईत. आपल्या तोंडून हा शब्द कसा निघाला याचे त्यांना नंतर कितीतरी दिवस आश्चर्य वाटत राहिले. ज्या पोरीसाठी डोळे फोडले तिने चष्मेवाल्याला आधी कळू दिले. संध्याकाळी लेक आली, नवऱ्याला खाली उभा करून एकटीच वर आली. "तुला सांगितलं असतं तर तू अडवलं असतंस," ती म्हणाली.

"अडवलंच असतं."

"म्हणून नाही सांगितलं."

पुढच्या रविवारी उपासना संपताना दोघांची नावे पुढून वाचून दाखवली गेली. प्रभुभोजनाच्या भाकरीला आणि पेल्याला त्यांना मज्जाव झाला. रफूबाई नेहमीच्या बाकावर बसल्या होत्या आणि प्रत्येक मान आपल्याकडे वळते आहे की नाही ते मान न वळवता पाहत होत्या. लेक त्यानंतर चर्चची पायरी चढली नाही.

त्याच आठवड्यात चर्चचे पाळकसाहेब दुकानात आले. हे जुने पाळक. उंच, हळू बोलणारे, वाईट गोष्ट सांगायची वेळ आली की चष्मा काढून पुसत बसणारे. गिऱ्हाइकाच्या स्टुलावर ते गुडघे दुमडून कसेबसे बसले. "मनाला लावून घेऊ नका, बाई," ते म्हणाले. "पण आता तिच्याबरोबर मेजावर बसता यायचं नाही. तिला पश्चात्ताप होईपर्यंत तरी. नियमापुढे मी तरी काय करणार?"

"कळलं," रफूबाई म्हणाल्या. "मी बसणार नाही."

पाळकांनी त्यांच्याकडे जरा निरखून पाहिले, चष्मा घातला, छोटीशी प्रार्थना केली आणि ते गेले.

रफूबाई कोपऱ्यात बसून रडल्या नाहीत. त्यांना उलट हलके वाटले. इतके दिवस आतल्या आत काहीतरी खदखदत होते, त्याला काय म्हणावे ते कळत नव्हते. आता त्याला नाव मिळाले. लेकीला टाकायचे नाही, ते आपल्याच्याने होणार नाही. जायचे, बसायचे, पोर झाले तर खेळवायचे. पण जेवायचे नाही. पाय लेकीला आणि तोंड देवाला, अशी त्यांनी स्वतःची वाटणी केली, आणि ती त्यांना फार न्यायाची वाटली.

पहिल्या गुरुवारी लेकीने टेबलावर तीन ताटे मांडली होती. जावई नवा शर्ट घालून उभा होता. "मला तुझ्याबरोबर बसता यायचं नाही," रफूबाई म्हणाल्या. "पाळकांनी सांगितलंय."

"पाळकांनी?"

"हो."

लेकीने तिसरे ताट उचलले, कोरडेच होते तरी फडक्याने पुसले आणि फळीवर ठेवले. जावयाला घास जाईना. तो पाणी पिऊन कामावर गेला. पुढे काही महिने लेक आईसमोर चहाचा कप ठेवत राहिली. कपावर साय धरे, मग ती तो मोरीत ओतून टाकी. मग नुसता पाण्याचा पेला. मग तोही बंद झाला. आईचे न खाणे हे घरातले एक अवजड कपाट झाले. ते हलवायचे कुणी मनात आणत नव्हते, सगळे त्याला वळसा घालून चालत होते.

नात झाली, रांगली, चालली. तिच्या चौथ्या वाढदिवसाला घरात केक आणला होता. रफूबाई सोफ्यावर होत्या. मेणबत्त्या विझवल्यावर पोर केकचा एक गोळा मुठीत घेऊन धावत आली, आजीच्या मांडीवर चढली आणि कुणी काही म्हणायच्या आत तो तिच्या तोंडात कोंबला. वर आपला इवलासा तळवा तिच्या ओठांवर दाबून धरला. रफूबाईंनी तो घास गालात धरला. गोड पाघळायला लागले तसे त्यांनी पोरीला बाजूला केले, उठल्या, न्हाणीघरात गेल्या आणि थुंकून टाकला. चूळ भरून वर पाहिले तर आरशात लेक. दारात उभी होती. तिने हात लांब करून टॉवेल पुढे केला.

त्या दिवशी घरी जाताना रफूबाई वाटभर ओठ पुसत होत्या. पण खोटे कशाला बोला, त्या पुसण्यातही एक समाधान होते. बघ देवा, म्हणायचे, बघ मी काय काय गिळले नाही. हे त्यांनी मंडळीत कधी कुणाला सांगितले नव्हते. सांगितले की त्यातले पुण्य गेले. महिन्याच्या ज्या रविवारी प्रभुभोजन असे त्याच्या आदल्या दिवशी त्या चर्चमध्ये जात, पांढरा कपडा धुऊन इस्त्री करून अंथरत, छोटे पेले ओळीने लावत, भाकर झाकून ठेवत. हे काम नवरा होता तेव्हापासून त्यांचे होते. कपड्याची घडी मोडू नये म्हणून श्वास धरून काम करायच्या. आपले हात स्वच्छ आहेत असे त्यांना तिथे मनापासून वाटे.

वर्षे गेली. जुने पाळक निवृत्त झाले, नवे आले. नवे पाळक तरुण होते, बोलताना खुर्चीच्या पाठीवर हात टाकून बसत आणि सगळ्यांना हसून भेटत. खजिनदारांच्या मुलाचे एका घटस्फोट झालेल्या नर्सशी जमले आहे हे सगळ्या चर्चला ठाऊक होते, आणि ते ठाऊक नाही असे दाखवण्यात सगळे तरबेज होते. वार्षिक सभेत नव्या पाळकांनी ठराव मांडला, की घटस्फोटितांची लग्ने चर्चमध्ये लागावीत आणि मागे ज्यांना मज्जाव झाला त्या सगळ्यांवरचा तो उठला असे समजावे. त्याआधी लाउडस्पीकर कोणत्या भिंतीला लावायचा यावर सभेत हमरीतुमरी झाली होती. हा ठराव मात्र चहा येण्याआधी संपला. खजिनदार त्या वेळी छताकडे पाहत होते.

विरोधात कोण, असे विचारल्यावर मागच्या दोन म्हाताऱ्यांचे हात वर गेले. आणि रफूबाईंचा.

सभा उठल्यावर नवे पाळक चहाचा कप घेऊन त्यांच्याकडे आले. "बाई, तुम्ही? मला तर वाटलं सगळ्यात जास्त आनंद तुम्हाला होईल. लेक परत येईल तुमची."

"देवाचं मत बदललं का, तेवढं सांगा."

"देव प्रेम आहे, बाई."

"तेव्हा नव्हता?"

पाळक हसले. वाईट हसले नाहीत, पण हसले. "काळ बदलतो. आपली समज वाढते. चहा घ्या ना, गार होतोय."

रफूबाईंनी चहा घेतला नाही. लेक परत यावी असे त्यांना वाटत नव्हते असे नाही. रात्रंदिवस तेच वाटत होते. पण अशी? हात वर केले, मोजले, आणि झाले? मग जिन्यात उभ्याने प्यालेले ते पाणी कुठे मांडायचे? तो केक कुठे मांडायचा? खजिनदाराच्या पोराला नर्स आवडली म्हणून पाप पुसले गेले असेल, तर आपण कशासाठी उपाशी राहिलो, हे कुणीतरी सांगायला हवे होते. प्रेम, प्रेम म्हणून चहा पाजणाऱ्यांचे काय जाते.

हे सांगू शकेल असे एकच माणूस होते. जुने पाळक आता मुलाकडे तळमजल्यावरच्या एका खोलीत राहत. कानात यंत्र बसवले होते आणि गुडघ्यांवर चादर होती. रफूबाईंना पाहून ते खूश झाले. ठरावाचे त्यांच्या कानावर आलेच होते.

"चुकलं," ते म्हणाले. "साफ चुकलं. लग्न म्हणजे काय शर्ट आहे, उसवला की दुसरा घ्यायला? मी असतो तर होऊ दिलं नसतं."

रफूबाईंच्या जिवात जीव आला. कुणीतरी होते. त्या खुर्ची ओढून पुढे सरकल्या. "मी तुमचा शब्द पाळला, साहेब. इतक्या वर्षांत तिच्या घरी पाण्याचा थेंब घेतला नाही."

पाळकांनी कानातले यंत्र बोटाने नीट केले. "काय घेतलं नाही?"

"पाणी. जेवण. काहीच नाही. तिच्या टेबलाशी बसले नाही मी. तुम्ही सांगितलं होतंत ना, दुकानात येऊन. तिच्याबरोबर मेजावर बसता यायचं नाही."

म्हाताऱ्याने चष्मा काढला आणि चादरीच्या टोकाने पुसायला घेतला. तेवढ्यावरूनच रफूबाईंना कळायला हवे होते.

"बाई," ते म्हणाले, "मी प्रभूच्या मेजाचं बोललो होतो. चर्चमधल्या. तुम्ही प्रभुभोजनाला पुढे याल तेव्हा ती तुमच्या शेजारी नसेल, त्याचं वाईट वाटून घेऊ नका, एवढंच सांगायला आलो होतो मी. घरात जेवू नका असं मी कशाला सांगेन? आई आहात तुम्ही."

रफूबाईंनी पुढे ओढलेली खुर्ची मागे सरकवली.

"मी स्वतः गेलो होतो की तिच्याकडे. मूल झालं तेव्हा. प्रार्थना केली, डोक्यावर हात ठेवला बाळाच्या. तिने ऑम्लेट करून दिलं, पाव दिला, चहा दिला." ते आठवून म्हाताऱ्याचा चेहरा उजळला. "चव आहे हो तुमच्या लेकीच्या हाताला."

खोलीत पंखा फिरत होता. पाळकांना गप्प बसवेना. "पण तुम्हाला कसं कळलं नाही, बाई? मेज तर तुम्हीच मांडायचात. दर महिन्याला."

हे त्यांनी टोचून म्हटले नव्हते. त्यांना खरेच कोडे पडले होते. रफूबाईंनी पिशवी उचलली, निघते म्हणाल्या आणि चपला घालायच्या आधीच रस्त्यावर आल्या. मग चपला हातात आहेत हे पाहून थांबल्या.

गुरुवार यायचा तो आला. जाताना वाटेत त्यांनी ठरवून टाकले, की लेकीला म्हाताऱ्याकडचे काही सांगायचे नाही. नियम होता तोवर पाळला, नियम उठला, आता जेवते, असे म्हणायचे. यात खोटे काही नव्हते. निदान आपली अब्रू राहत होती. एवढी वर्षे आज्ञा पाळणारी आई आणि एवढी वर्षे एक शब्द चुकीचा ऐकून बसलेली आई, यांत पहिली बरी. त्या बसमध्ये हे वाक्य पुटपुटत बसल्या होत्या, त्यामुळे शेजारची बाई सरकून बसली.

लेकीची दुपारची सुट्टी होती. जावई कुठल्या तरी इमारतीत अडकलेली लिफ्ट सोडवायला गेला होता, नात शाळेत होती. रफूबाई आत आल्या, सोफ्याकडे न जाता सरळ टेबलाची खुर्ची ओढून बसल्या.

लेक ओट्याशी होती. तिने मागे वळून पाहिले. "सोफ्यावर काही सांडलंय का?"

"नाही. भूक लागलीय मला."

लेकीने हातातला चमचा खाली ठेवला. "कळलं मला ठरावाचं. औषधाच्या दुकानात सगळं कळतं." ती हात पुसत राहिली. "म्हणजे आता चालतं."

"आता चालतं."

"नियम होता म्हणून जेवली नाहीस. नियम गेला म्हणून जेवतेस. यात मी कुठे आले गं?"

रफूबाईंनी घोकून आणलेले वाक्य तोंडात होते. पण त्यांना एवढे झोंबले, की बचावासाठी जे हाताला लागले तेच त्यांनी पुढे केले. "नियम नव्हताच," त्या म्हणाल्या.

"काय?"

"जेवायचा नियम नव्हता. पाळक मेज म्हणाले ते चर्चमधलं. मी घरातलं समजले. मला परवा कळलं, त्यांच्याकडे गेले होते तेव्हा. माझ्या समजण्यात चूक झाली." आणि मग, यात आपलीच बाजू पडते आहे हे लक्षात येऊन, जरा जोरात, "ते तुझ्याकडे जेवून गेले. तू मला बोलली नाहीस कधी."

लेक खुर्चीच्या पाठीला धरून उभी होती. ती बसली नाही. "मला वाटलं तुला माहीत आहे," ती म्हणाली. "ते आले, खाल्लं, अजून एक पाव मागून घेतला. मी बघतच राहिले. तेव्हाच कळलं मला, की हे चर्चचं नाही. हे तुझं आहे. म्हटलं, तुला कधी कळतंय बघू."

"मी चुकीचं ऐकलं गं."

"आपल्या घरात टेबलाला मेज कोण म्हणतं, आई?"

कुणीच म्हणत नव्हते. नवरा म्हणत नव्हता, शेजारी म्हणत नव्हते, चष्मेवाला म्हणत नव्हता. सगळ्या आयुष्यात त्यांनी मेज हा शब्द एकाच वस्तूसाठी ऐकला होता आणि त्या वस्तूवरचा कपडा स्वतःच्या हाताने अंथरला होता.

"पाळकांना एकदा विचारायचं होतंस," लेक म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरे झाले असते. "रविवारी भेटायचे ना ते. इतक्या रविवारांत एकदा. पाणी प्यायलं तर चालेल का, एवढंच."

"विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं."

हे बोलून गेल्यावर रफूबाईंनाच ते ऐकू आले. लेकीने मान हलवली, जणू दुकानात कुणीतरी अखेर औषधाची बरोबर चिठ्ठी पुढे केली होती. मग तिने फळीवरून ताट काढले. भात वाढला, बटाट्याची भाजी वाढली, एक उकडलेले अंडे सोलून ठेवले, पेला भरून पाणी ठेवले. सगळे नीट, पाहुण्याला वाढतात तसे.

"तू नाही बसत?"

"माझं झालंय," लेक म्हणाली. पातेली भरलेली होती आणि तिचे ताट अजून फळीवर कोरडे उभे होते. ती मोरीशी गेली आणि सकाळची भांडी घासू लागली.

रफूबाईंनी पहिला घास घेतला. म्हातारा खोटे बोलला नव्हता. मीठ नेमके होते, बटाटा मऊ पण मोडलेला नव्हता. आपल्या लेकीच्या हाताची चव ही अशी, हे त्यांना परक्या माणसाकडून कळावे आणि मग पडताळून पाहावे लागावे, याची त्यांना शरम वाटली. तरी त्या जेवत राहिल्या. ताट पुढे आले आहे, आता थांबले तर तेही दिसेल, म्हणून जेवत राहिल्या.

दार वाजले आणि नात आली. आता ती आईच्या खांद्याला लागत होती. दप्तर खांद्यावरून उतरवता उतरवता ती मध्येच थांबली.

"आजी जेवतेय," ती आईला म्हणाली. मग हळूच येऊन शेजारच्या खुर्चीवर बसली आणि आजीच्या ताटाकडे पाहत राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी आले. "बरं झालं का गं पोट तुझं?"

"पोट?"

"आई म्हणते ना, तुझ्या पोटाला स्वतःच्या हातचं सोडून काही सोसत नाही. कुणासमोर काढायचं नाही, तुला वाईट वाटतं." तिने आवाज खाली आणला, कारण ती आता नको ते बोलत होती. "तो केक मी भरवला होता ना लहानपणी, तू आत जाऊन उलटी केलीस. मला वाटायचं माझ्यामुळे वाढलं तुझं दुखणं. मी रोज झोपताना प्रार्थना करते तुझ्या पोटासाठी. कालपण केली."

मोरीशी भांड्यांचा आवाज थांबला होता. नळ मात्र चालू होता. रफूबाईंनी लेकीच्या पाठीकडे पाहिले. ती पाठ काही सांगत नव्हती. एवढी वर्षे या पोरीसमोर आपल्याला झाकून ठेवले होते कुणी, तर तिने.

"डॉक्टर काय म्हणाले?" नातीने विचारले.

रफूबाईंनी हात ताटाच्या कडेला टेकवला. "पोटाला काही झालंच नव्हतं म्हणाले."

"म्हणजे आता काही नाही?"

"कधीच नव्हतं."

पोरीने कपाळाला आठी घातली. ती विचार करून बोलणारी होती, आजोळचा तो एक गुण तिच्यात उतरला होता. "मग इतकी वर्षं जेवली का नाहीस?"

लेकीने नळ बंद केला. ती वळली नाही.

"राग आला होता," रफूबाई म्हणाल्या.

"कुणाला? देवाला?"

"देवाला कुठला," रफूबाई म्हणाल्या. "मलाच."

नातीला ते पुरते कळले नाही. तिने आजीच्या पाठीवर हात ठेवला आणि आईकडे पाहिले. लेकीने नळ पुन्हा सोडला आणि राहिलेली भांडी घासायला घेतली.